एका वॉटचा लाख-कोटीवा भाग

शंभर ग्रॅमचा एक पेरू जमिनीवरून उचलून मीटरभर उंच धरायला साधारण एक जूल ऊर्जा लागते. मोटरहोमच्या छपरावरची साठ सेंटिमीटरची डिश उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरकडून, म्हणजे सिग्नल घेऊन परत खाली पाठवणाऱ्या एका संचाकडून, जेवढी शक्ती मिळवते, ती सगळी साठवत गेलो, तर हा एक जूल जमायला सुमारे ३१,७०० वर्षे लागतील. माणसाला शेती ठाऊक नव्हती, त्या काळात हे काम सुरू केले असते, तर तो पेरू आज कुठे उचलता आला असता.

आणि एवढ्याशा शक्तीवर आज संध्याकाळी स्कॉटलंडमधल्या एखाद्या तळ्याकाठी उभ्या असलेल्या मोटरहोममध्ये सात-आठ वाजताच्या बातम्या स्वच्छ दिसतात, रंग खरे वाटतात, आवाज ओठांशी जुळतो. घर चाकांवर, वीज बारा व्होल्टच्या बॅटरीची, जागा रोज वेगळी, आणि पडद्यावरचे चित्र मात्र पक्क्या घरातल्यासारखे. हे घडते कसे याचा हिशोब मांडायला बसलो की प्रत्येक पायरीवर आकडे एकतर अवाढव्य होतात किंवा अतिसूक्ष्म. मधला आकडा जवळपास सापडतच नाही.

अंतर

ब्रिटनमधल्या मोटरहोमवाल्यांच्या डिश ज्या उपग्रहांकडे तोंड करून असतात, ते विषुववृत्ताच्या वर, २८.२ अंश पूर्व रेखांशावर आहेत. ॲस्ट्रा २ई, २एफ आणि २जी ही त्यांची नावे. स्काय आणि फ्रीसॅट या दोन्ही सेवा तिथूनच येतात. फ्रीसॅट बीबीसी आणि आयटीव्हीने मिळून ६ मे २००८ रोजी सुरू केली. तिला महिन्याची वर्गणी नसल्यामुळे फिरस्त्यांमध्ये ती विशेष प्रिय आहे.

उपग्रहांची उंची विषुववृत्तापासून ३५,७८६ किलोमीटर. पण लंडन विषुववृत्तावर नाही, त्यामुळे लंडनजवळच्या कॅम्पसाइटपासून हे अंतर तिरके मोजावे लागते आणि ते भरते सुमारे ३९,००० किलोमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. म्हणजे उपग्रहाकडून निघालेली लहर डिशपर्यंत येईतो पृथ्वीला जवळजवळ एक प्रदक्षिणा घालण्याइतकी वाट चालते, आणि त्यासाठी तिला ०.१३ सेकंद लागतो. जमिनीवरच्या केंद्रातून वर जाण्याचा प्रवास धरला तर ७८,००० किलोमीटर आणि पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ. लंडनच्या स्टुडिओत बोललेला शब्द लंडनच्याच वेशीवर उभ्या असलेल्या गाडीत पोचतो तो हा फेरा करून.

या उंचीला एक कारण आहे. जितके वर जावे तितका उपग्रहाचा फेरा लांबतो. पृथ्वीच्या केंद्रापासून ४२,१६४ किलोमीटरवर तो बरोबर २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांचा होतो, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरायला नेमका तेवढाच वेळ घेते. उपग्रह मग आकाशात एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो. या कक्षेचा दळणवळणासाठी उपयोग कसा करता येईल, हे आर्थर सी. क्लार्क यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या नियतकालिकाच्या ऑक्टोबर १९४५ च्या अंकात मांडले. त्यांचा हिशोब सरळ होता: एकमेकांपासून १२० अंशांवर तीन स्थानके ठेवली की जवळजवळ सगळी पृथ्वी त्यांच्या नजरेत येते. एका उपग्रहाला पृथ्वीच्या पृष्ठभागाचा ४२ टक्के भाग दिसतो. एकोणीस वर्षांनी, १९६४ मध्ये, सिनकॉम ३ या उपग्रहाने टोकिओ ऑलिंपिकची दृश्ये प्रशांत महासागरापार नेली.

टांगलेला दिसणारा हा उपग्रह प्रत्यक्षात सेकंदाला ३.०७ किलोमीटर, म्हणजे तासाला ११,००० किलोमीटरहून जास्त वेगाने धावत असतो. आपण दोन तासांचा चित्रपट पाहतो, तेवढ्यात त्याने २२,००० किलोमीटर मागे टाकलेले असतात. ब्रेक लावून, चाकांखाली अडण्या देऊन उभी केलेली गाडीही लंडनच्या अक्षांशावर पृथ्वीबरोबर तासाला सुमारे १,०४० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. दोघे धावतात, पण एकाच तालात. म्हणून डिश एकदा लावली की हलवावी लागत नाही.

तिथवर पोचण्याचा खर्च हाही एक आकडा आहे. ॲस्ट्रा २ई सप्टेंबर २०१३ मध्ये बैकानूरहून प्रोटॉन रॉकेटने गेला. प्रोटॉनचे उड्डाणाच्या वेळचे वजन ७०० टनांच्या आसपास असते, उपग्रहाचे सुमारे सहा टन. युरोपात साध्या मोटार परवान्यावर चालवता येणाऱ्या मोटरहोमची वजनमर्यादा साडेतीन टन आहे. म्हणजे पावणेदोन मोटरहोमएवढे यंत्र वर पाठवायला दोनशे मोटरहोमएवढे रॉकेट लागले.

नेम

आता गाडीच्या छपरावर येऊ. साठ सेंटिमीटरच्या डिशची नजर साधारण तीन अंश रुंद असते. ८५ सेंटिमीटरच्या डिशची दोन अंशांच्या आसपास. डिश मोठी झाली की ती जास्त शक्ती गोळा करते, पण तिची नजर अरुंद होते आणि नेम धरणे अवघड होते. साठच्या डिशचा नेम दीड अंशाने चुकला की मिळणारी शक्ती निम्मी होते.

दीड अंश म्हणजे फार वाटत नाही. पण मोटरहोमचे पुढचे आणि मागचे चाक चार मीटर अंतरावर असले आणि जमिनीच्या उतारामुळे त्यांच्यात दहा सेंटिमीटरचा फरक पडला, तर गाडी १.४ अंशांनी कलते. गवताळ मैदानावर दहा सेंटिमीटरचा फरक डोळ्यांना कळतही नाही. म्हणून जाणते लोक आधी चाकांखाली पाचरी सरकवून गाडी समपातळीत आणतात, टेकू खाली सोडतात आणि मगच डिश वर करतात.

त्या ३९,००० किलोमीटरांवर एक अंश म्हणजे सुमारे ६८० किलोमीटर. डिशची तीन अंशांची नजर तिथे पोचते तेव्हा दोन हजार किलोमीटर रुंद झालेली असते. २८.२ अंशांवरच्या उपग्रहांपासून अरबसॅटचे बद्र उपग्रह २६ अंशांवर, अवघे २.२ अंश दूर आहेत. तिथल्या मापाने हे अंतर १,६०० किलोमीटर, पण छपरावरच्या मापाने हाताच्या बोटाने दिलेला एक हलका धक्का. आपल्या जागेवर टिकून राहण्यासाठी प्रत्येक उपग्रहाला साधारण ०.१ अंशाची, म्हणजे ७४ किलोमीटर रुंदीची एक काल्पनिक पेटी दिलेली असते. चंद्र-सूर्याच्या ओढीने आणि पृथ्वीच्या विषम आकाराने तो बाहेर सरकू लागला की छोटे इंजिन चालवून त्याला परत आत आणतात. ही शिस्त वर पाळली जाते, म्हणून खाली साधी डिश चालते.

गावोगाव फिरणाऱ्याला हा नेम प्रत्येक मुक्कामी नव्याने धरावा लागतो, कारण जमीन बदलली की कोन बदलतो. लंडनहून हा उपग्रह क्षितिजापासून २५ अंश वर, आग्नेयेला दिसतो. स्पेनच्या मालागाहून तो ३५ अंश वर असतो आणि दिशा पूर्वेकडे बारा अंशांहून जास्त सरकलेली असते. स्कॉटलंडच्या इन्व्हरनेसहून तो जेमतेम १९ अंश वर आहे. मोटरहोमवाल्यांचे आवडते टोक म्हणजे नॉर्वेतले नॉर्डकाप. तिथून याच उपग्रहाकडे पाहायचे तर मान फक्त दहा अंश वर करावी लागते. ८१ अंश अक्षांशाच्या थोडे पुढे गेले की भूस्थिर कक्षेतला कोणताच उपग्रह क्षितिजावर येत नाही.

या कोनांचा अर्थ झाडाशी उभे राहिले की कळतो. दहा मीटर उंचीचे झाड मालागात चौदा मीटर दूर असले तरी चालते. लंडनमध्ये ते एकवीस मीटरच्या पलीकडे हवे, इन्व्हरनेसला तीस आणि नॉर्डकापला पंचावन्न. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते, पानाच्या मापाचीच म्हणा. ओल्या पानांची गर्दी त्यांना शोषते आणि विखुरते. सावलीची सुंदर जागा आणि टीव्हीची जागा एकच असेल याची उत्तरेत खात्री नाही.

आजच्या स्वयंचलित डिश हे सगळे दोनेक मिनिटांत उरकतात. जीपीएसने आपली जागा ओळखायची, उंचीचा कोन काढायचा, गोल फिरत आकाश चाचपायचे, सिग्नल लागला की त्यात लिहिलेली ओळख वाचून हा आपलाच उपग्रह की शेजारचा हे तपासायचे, आणि मग कणाकणाने सरकत सर्वात जोरकस बिंदूवर थांबायचे. हाताने डिश लावणाऱ्यालाही पायऱ्या त्याच, फक्त संयम त्याचा स्वतःचा.

शक्ती

उपग्रहावरचा एका ट्रान्सपाँडरचा प्रक्षेपक साधारण शे-दीडशे वॉटचा असतो. त्याचा ॲन्टेना ही शक्ती सगळीकडे न उधळता युरोपच्या एका भागावर एकवटतो, त्यामुळे त्या भागापुरता तो एक लाख वॉटचा असल्यासारखा वाटतो. पण ३९,००० किलोमीटरांच्या प्रवासात लाटा पसरत जातात. जमिनीवर पोचेपर्यंत एका चौरस मीटरवर उरतात पाच पिकोवॉट. साठ सेंटिमीटरच्या डिशच्या हाती त्यातला एक पिकोवॉट लागतो. एक पिकोवॉट म्हणजे एका वॉटचा लाख-कोटीवा भाग. दहा वॉटचा एक एलईडी दिवा अशा शक्तीवर पेटवायचा तर दहा लाख कोटी डिश लागतील.

त्याच छपरावर बहुधा सौर पॅनेलही असते. भर दुपारी एक चौरस मीटरवर हजार वॉटचे ऊन पडते. डिशच्या वाट्याला येणारी लहर त्या उन्हापेक्षा जवळजवळ दोन कोटी कोटीपट क्षीण आहे. एक वस्तू सूर्याकडून ऊर्जा घेते, शेजारची वस्तू उपग्रहाकडून माहिती घेते. माहितीला ऊर्जा किती कमी लागते, हे दोघांना शेजारी ठेवले की ध्यानात येते.

एका पिकोवॉटमध्ये तरी काय असते? फोटॉनच्या भाषेत मोजले तर सेकंदाला सुमारे १३,००० कोटी फोटॉन. एका नेहमीच्या ट्रान्सपाँडरवरून सेकंदाला ३ कोटी ३८ लाख बिट येतात. भागाकार केला की प्रत्येक बिटच्या वाट्याला चार हजारांच्या आत-बाहेर फोटॉन येतात. शून्य की एक, हे एवढ्या फोटॉनांवरून ठरवायचे, आणि तेही गोंगाटात. कारण निरपेक्ष शून्याहून उबदार असलेली प्रत्येक वस्तू स्वतःच सूक्ष्म लहरी सोडत असते: जमीन, झाड, ढग, माणूस, खुद्द डिशसमोरचा, सिग्नल टिपणारा एलएनबी. स्वच्छ आकाशात सिग्नल या गोंगाटाच्या साधारण पंचवीसपट असतो. चित्र टिकायला चारेकपट पुरतो. मधला फरक हा मुसळधार पावसासाठी, जरा कललेल्या गाडीसाठी आणि जुन्या केबलसाठी ठेवलेला राखीव साठा आहे. वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास, सूर्य काही दिवस रोज काही मिनिटे बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा त्याच्या गोंगाटापुढे हा साठाही संपतो आणि पडदा गोठतो.

एलएनबी हा या साखळीतला खरा कारागीर. डिशच्या पुढे दांड्यावर बसलेली ही मुठीएवढी डबी सेकंदाला सुमारे १,१७० कोटी कंपने असलेली लहर घेते, तिची शक्ती तीनेक लाख पटींनी वाढवते आणि कंपनसंख्या ९५० ते २,१५० मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणते, कारण मूळची लहर साध्या केबलमधून काही मीटरही धड गेली नसती. तिला वीज मिळते त्याच केबलमधून, आणि हुकूमही. रिसीव्हरने १३ व्होल्ट दिले तर उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या लहरी निवडायच्या, १८ दिले तर आडव्या. सोबत सेकंदाला २२,००० कंपनांचा बारीक सूर आला तर वरचा पट्टा, नाहीतर खालचा. एका तारेत वीज, आज्ञा आणि शेकडो वाहिन्या, तिन्ही नांदतात.

या सगळ्याची बॅटरीवरची किंमत किरकोळ आहे. टीव्ही, रिसीव्हर आणि एलएनबी मिळून चाळीसेक वॉट. चार तास पाहिले तर १६० वॉट-तास. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण १,२०० वॉट-तास असतात. पाहणाऱ्याचा खर्च बॅटरीच्या सातव्या हिश्श्याइतका.

घडी

प्रमाण दर्जाचे चित्र म्हणजे ७२० गुणिले ५७६ ठिपके, सेकंदाला २५ वेळा. रंगांसकट हे जसेच्या तसे पाठवायचे तर सेकंदाला १६ कोटी ६० लाख बिट लागतात. एचडीला ८३ कोटी. ट्रान्सपाँडरवर जागा किती, तर ३ कोटी ३८ लाखांची. म्हणजे एक साधी वाहिनीदेखील मावायला नको. प्रत्यक्षात दहाएक साध्या वाहिन्या मावतात, कारण प्रत्येक चित्रातला जो भाग आधीच्या चित्रासारखाच आहे तो पुन्हा पाठवला जात नाही, फक्त बदल पाठवला जातो, आणि डोळ्याला न कळणारा बारीक तपशील गाळला जातो. १६६ तले १६३ भाग वगळून तीनात चित्र उभे राहते.

पण इतकी घट्ट घडी घातली की एक चुकलेला बिट पुष्कळ काही बिघडवू शकतो. म्हणून माहिती १८८ बाइटच्या पाकिटांत भरतात आणि प्रत्येक पाकिटाला १६ बाइटची शिदोरी बांधतात. इर्विंग रीड आणि गुस्टाव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीने या जादा बाइटांच्या आधारे पाकिटातल्या आठ बाइटपर्यंतच्या चुका, कुठे झाल्या हे आधी ठाऊक नसतानाही, शोधून दुरुस्त करता येतात. त्याच्या आत आणखी एक दुरुस्तीचे कवच असते. रिसीव्हर अशी सुमारे साडेबावीस हजार पाकिटे दर सेकंदाला तपासतो. ठरवलेला दर्जा असा की न सुधारलेली चूक तासाला एखादीच निघावी. दोन तासांच्या चित्रपटात ट्रान्सपाँडरवरून २४,००० कोटींहून जास्त बिट येतात, आणि त्यांत फार तर दोनेक चुका उरतात. ज्या सिग्नलवर एक पेरू उचलायला तीनशे शतके लागतात, त्याची ही अचूकता आहे.

मनोरे

झाडाआड उभ्या राहिलेल्या गाडीला दुसरा मार्ग असतो: जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणारे डिजिटल प्रसारण. ब्रिटनमध्ये यासाठी अकराशेहून जास्त प्रक्षेपक आहेत. त्यांतला यॉर्कशरमधल्या एम्ली मूरचा काँक्रीटचा मनोरा ३३० मीटर उंच आहे. आधीचा पोलादी खांब मार्च १९६९ मध्ये बर्फाच्या भाराने कोसळल्यावर तो बांधला गेला. एवढ्या उंचीवरूनही लहरींची पोच फार तर शंभरेक किलोमीटर, त्यामुळे डोंगरदऱ्यांत छोट्या साहाय्यक प्रक्षेपकांची साखळी लागते. सगळे मिळून ९८.५ टक्के घरांपर्यंत पोचतात. मोठे मनोरे बहुतेक आडव्या ध्रुवणात पाठवतात आणि पुष्कळ छोटे प्रक्षेपक उभ्या. म्हणून मुक्कामी पोचल्यावर फिरस्ता आजूबाजूच्या घरांच्या छपरांकडे पाहतो: एरियलच्या कांड्या आडव्या आहेत की उभ्या, आणि तोंड कुठे आहे. आपले एरियल तसेच करायचे.

इथले आकडे निराळे. जुन्या काळी एका लहरीवर चित्र येई. डिजिटल प्रसारणात आठ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात ६,८१७ बारीक लहरी शेजारी शेजारी, फक्त १,११६ हर्ट्झच्या अंतराने चालतात. प्रत्येक लहर आपला संदेश सावकाश देते, पण सगळ्या मिळून एका ८९६ मायक्रोसेकंदांच्या ठोक्यात ३६,२८८ बिट आणतात. दोन ठोक्यांमध्ये २८ मायक्रोसेकंदांचा अवकाश सोडलेला असतो. तेवढ्यात लहर ८.४ किलोमीटर जाते. त्यामुळे समोरच्या डोंगरावर आपटून आठ किलोमीटरचा वळसा घेऊन आलेला प्रतिध्वनीही चित्र बिघडवत नाही. जुन्या टीव्हीवर दिसणारी दुहेरी, भुतासारखी चित्रे या अवकाशाने संपवली.

मात्र मनोऱ्याची सोय सरहद्दीपाशी अडखळते. सगळ्या देशांची पद्धत एक नाही. जर्मनीने मार्च २०१७ मध्ये नव्या पिढीचे प्रसारण सुरू केले, तेव्हा जुने रिसीव्हर तिथे निरुपयोगी ठरले. उपग्रहाची एकच डिश मात्र फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स ओलांडत जाते.

काठ

पण किती दूर जाते? उपग्रहाच्या झोताला काठ असतो, आणि तो काठ माणसे ठरवतात. ॲस्ट्रा २ई चा ब्रिटनसाठीचा झोत मुद्दाम ब्रिटिश बेटांवर आवळलेला आहे, कारण खेळ आणि चित्रपट दाखवण्याचे हक्क देशापुरतेच घेतलेले असतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या वाहिन्या या झोतावर हलल्या आणि दक्षिण स्पेनमध्ये हिवाळा काढणाऱ्या हजारो ब्रिटिशांचे पडदे एका दिवसात रिकामे झाले.

मोठी डिश घेऊन भागत नाही का? हिशोब करू. झोताच्या काठाबाहेर शक्ती दहापट घटली, तर ती भरून काढायला डिशचे क्षेत्रफळ दहापट हवे, म्हणजे साठ सेंटिमीटरऐवजी १.९ मीटर व्यास. आणखी दहापट घटली तर सहा मीटर. युरोपात रस्त्यावरच्या वाहनाची कमाल रुंदी २.५५ मीटर आहे. तेव्हा उत्तर फ्रान्सपर्यंत छपरावरची डिश निर्धास्त असते. दक्षिणेकडे जावे तशी ती हरत जाते, आणि हे हरणे निसर्गापुढचे नसून कराराच्या कलमापुढचे असते.

आपली छत्री

हेच गणित महाराष्ट्रात केले की चित्र पालटते. दूरदर्शनची डीडी फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेवरच्या उपग्रहावरून येते आणि सह्याद्री वाहिनी तिच्यावर दिसते. मुंबईहून हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून ५७ अंशांहून वर आहे. दहा मीटरचे झाड साडेसहा मीटरवर असले तरी अडवत नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कोकणात माडांच्या सावलीत गाडी लावणाऱ्याला नॉर्वेतल्या फिरस्त्यापेक्षा आकाश कितीतरी मोकळे आहे. अडचण येईल ती पावसाची, कारण आपल्याकडचा आषाढ तो राखीव साठा फार लवकर संपवतो.

भारताने या मार्गावर फार लवकर पाऊल टाकले, हे विसरता कामा नये. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चाललेल्या ‘साइट’ या प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोचवले गेले. तेव्हाच्या जाळीच्या छत्र्या तीन मीटर व्यासाच्या होत्या. आजची साठ सेंटिमीटरची छत्री क्षेत्रफळाने त्यांच्या पंचविसाव्या हिश्श्याइतकी आहे आणि एका चित्राऐवजी शेकडो वाहिन्या आणते.

पुढचा प्रेक्षक

आता अनेक मोटरहोमवर उपग्रहाच्या इंटरनेटची सपाट पाटी दिसते. ते उपग्रह ५५० किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे भूस्थिर कक्षेपेक्षा पासष्टपट जवळ असतात. म्हणून ते वेगवान आहेत आणि म्हणूनच हजारोंच्या संख्येने लागतात. पत्रव्यवहाराला, नकाशाला, कामाला ते उत्तम. पण टीव्हीसाठी एक फरक मोजून पाहावा. एचडी चित्र सेकंदाला ८० लाख बिट घेते असे धरले, तर दोन तासांच्या कार्यक्रमाला ७.२ जीबी लागतात. एक कोटी लोकांनी तो इंटरनेटवरून पाहिला तर ७ कोटी २० लाख जीबी वाहतात, प्रत्येकासाठी वेगळे. उपग्रहावरून तोच कार्यक्रम एक कोटींनी पाहिला तरी वरून ७.२ जीबीच येतात, आणि दहा कोटींनी पाहिला तरीही तेवढेच. आपल्या डिशने उचललेला पिकोवॉट तिने उचलला नसता तर जमिनीत मुरला असता. शेजाऱ्याच्या वाट्याचे त्यात काही कमी होत नाही. कोण पाहतो आहे, कुठून पाहतो आहे, हे उपग्रहाला कळतही नाही.

माझ्या मते या सगळ्या आकड्यांत सर्वात मोठा आकडा हा आहे: पुढच्या प्रेक्षकाचा खर्च शून्य. सातशे टनांचे रॉकेट, चाळीस हजार किलोमीटरांची वाट आणि कोट्यवधी बिटांची दुरुस्ती एवढ्यासाठी की रानात उभ्या असलेल्या गाडीला आणि डोंगरावरच्या एकाकी घराला शहराइतकाच हक्क मिळावा. ब्रिटनने मनोऱ्यांवरच्या मोफत प्रसारणाची हमी २०३४ पर्यंत दिली आहे. त्यानंतर काय, यावर तिथे वाद सुरू आहे, आणि असा प्रश्न उद्या आपल्याकडेही येईल. तेव्हा प्रसारण जुने झाले म्हणून ते मोडीत काढायला कोणी सांगितले, तर आधी हे शून्य त्यांच्यापुढे ठेवावे. खुले आणि मोफत प्रसारण ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती राखण्याचा आग्रह आपण धरला पाहिजे.